दारातली दुधाची पिशवी

आये, मी आता राहते ती जागा तुझ्या पायाखालची आहे, पण तू ओळखणार नाहीस. पेणजवळ, गडब गावाच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला जिथे मिठागर होतं, तिथे भराव टाकून इमारती उभ्या केल्या आहेत. त्यांत सगळी माझ्या वयाची माणसं राहतात. लिफ्ट आहे, खाली डॉक्टर येतो, जेवणाचा हॉल आहे, भिंतींना जागोजागी धरायला दांडे आहेत. तुझे जावई गेले, मग मुलाने रोह्याचं घर बंद करून मला इथे आणलं. मध्यंतरी ऑफिसातली मॅनेजर मुलगी मोबाईल घेऊन विचारत फिरत होती, इथे कसं वाटतं म्हणून. जाहिरातीसाठी हवं होतं. मोबाईलसमोर सगळेच म्हणाले, छान वाटतं, घरच्यासारखं वाटतं. मीही म्हणाले. ती गेल्यावर रोह्याच्या कंपनीत जन्मभर फिटर असलेले एक गृहस्थ म्हणाले, "बरं हाय सगळं. पन ही अशी शिफ्ट हाय, की काम कायच नाय नि सुटीचा भोंगा कदी व्हईल तेबी म्हाईत नाय." सगळे हसले. तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

तक्रार करण्यासारखं इथे काही नाही, आणि तेच अवघड आहे. माझ्या शेजारी रोह्याजवळच्या अष्टमी गावची एक बाई राहते, तिला मी आपा म्हणते. तिचे मुलगे आखातात. ती म्हणते, "घरात मानसं व्हती तवा बसाय जागा नव्हती. आता जागाच जागा हाय, बसून करू काय?" सकाळी ती नमाज आटोपून गॅलरीत येते, मी तुळशीला पाणी घालते, आणि दोघी मिळून हायवेवरचे ट्रक बघतो. ती नसती तर मी इथे टिकले नसते.

आमच्याकडे एक पद्धत आहे. रात्री झोपताना दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवायची, पहाटे दूधवाला तीत दूध टाकून जातो. नाश्त्याच्या वेळी मॅनेजर मुलगी मजल्यामजल्यावरून फेरी मारते. पिशवी आत गेलेली असली, म्हणजे माणूस उठलं. पिशवी अजून लटकत असली की ती बेल मारते. ह्यामागचा अर्थ सगळ्यांना कळतो, पण तो कुणी बोलून दाखवत नाही. बाथरूममध्ये ओढायला एक दोरीही आहे. पण अंघोळ करताना ती चुकून ओढली जायची आणि खालून माणसं धावत यायची, तेव्हा आम्ही बायकांनी ती वर गुंडाळून खिळ्याला बांधून टाकली. लाजेपायी केलेला शहाणपणा, दुसरं काय.

गेल्या ऑक्टोबरात, ऊन तापलेलं असताना, मी सकाळीच बाथरूममध्ये पडले. कंबर अशी धरली की हलता येईना. दोरी डोक्यावर दिसत होती, तिथवर हात पोचत नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, पिशवी बाहेर आहे, मुलगी येईलच. मग आपाच्या चपला वाजल्या, माझी कडी हलली, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "बाय फिराय गेली वाटतं. उन्हात दूध नासंल हिचं." आणि पिशवी काढून घेऊन गेली. माझं दूध नासू नये म्हणून. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा आली. थोड्या वेळाने मॅनेजर मुलीची पावलं आली, दारासमोरून तशीच पुढे गेली. तेव्हा मला भीती वाटली, आये. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

आणि मग तू आलीस. तुला जाऊन किती वर्षं झाली, तरी आलीस. बाथरूमच्या उंबरठ्यावर टेकलीस, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, टाचांच्या भेगांत मीठ सुकलेलं. तू वर बघितलंही नाहीस. खाली बघूनच म्हणालीस, "हायस का गो?" मिठागरावर असंच विचारायचीस. तू लाकडी फळीने मीठ ओढते आहेस, मी बांधावर पाय सोडून बसले आहे, आणि मान वर न करता तू मधूनमधून हाक घालते आहेस. मी "हाय" म्हटलं की फळी पुन्हा चालू. एकदा मी गंमत म्हणून गप्प बसले, बांधामागे लपले. तू फळी टाकून चिखलातून धावत आलीस आणि मला बघितल्यावर पाठीत असा धपाटा घातलास, की श्वास अडकला. "हाक मारली का ओ देयाची," म्हणालीस, "मेलीस तरी देयाची." मग माझ्यासमोर बसून तूच रडलीस. त्या वयात मला वाटलं, मार मी खाल्ला नि रडते ही.

तर त्या दिवशी तू विचारत राहिलीस आणि मी ओ देत राहिले. आवाज फुटत नव्हता, ओठ हलवायचे. डोळे मिटायला लागले की पुन्हा तुझं "हायस का गो?" दुपार कलल्यावर आपा दूध तापवून घेऊन आली, बेल मारली, पुन्हा मारली, आणि तिने सगळा मजला गोळा केला. दार फोडून माणसं आत आली, तेव्हा तुझ्या अंगावरून आली. तू सरकली नाहीस.

मुलगा पुण्याहून आला तो भांडतच. मॅनेजर मुलीला काढून टाका म्हणाला. ती रडत सांगत होती, "सर, पिशवी नव्हती दारात, देवाशप्पथ नव्हती." आपा माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. बोलायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हटलं, "पिशवी मीच आत घेतली होती, नंतर पडले." दोघी वाचल्या. पण मुलाच्या हाती कोलीतच मिळालं. तो म्हणाला, "म्हणजे सगळं नीट असूनही तुला कुणी बघत नाही. आता इथे नाही ठेवायची तुला. माझ्याकडे चल." मऊ आवाजात म्हणाला, मन लावून म्हणाला. सूनबाईनेही खोली आवरून ठेवली आहे. नातू विचारतो, आजी कधी येणार.

मी नाही म्हटलं. तो दर रविवारी फोन करतो आणि मी दर रविवारी नवीन कारण देते. इथली हवा मानवते. आपा एकटी पडेल. आपा आता रोज सकाळी माझ्या दारावर थाप मारते, मी ओ दिल्याशिवाय हलत नाही. पिशवीला मात्र हात लावत नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. ही कारणं खोटी नाहीत, आणि ऐकणाऱ्याला पटण्यासारखीही आहेत.

पण तू अजून येतेस. दुपारी जेवून मी आडवी झाले की उंबरठ्यावर येऊन बसतेस. तू गेल्यावर फरशीवर पांढरट डाग राहतात. झाडूवाली म्हणते, "बोअरचं पानी खारं हाय, बाय, डाग पडनारच." असेल. मी ते तिला लगेच पुसू देत नाही. सुरुवातीला तुला बघून मी घाबरायचे, आता तुला यायला उशीर झाला की घाबरते. तू पेण आणि रोहा सोडून आयुष्यात कुठे गेली नाहीस. रोह्याला माझ्याकडे यायचीस तेव्हासुद्धा एस.टी.त बसल्यावर कंडक्टरला चारदा विचारायचीस. पुण्याला मी अकराव्या मजल्यावर असेन. तिथे तू येणार कशी?

हे मुलाला सांगता येत नाही. तुला सांगितलं असतं, पण तुला वाचता येत नव्हतं. लग्नानंतर मी रोह्याहून पाठवायचे ती पत्रं कुणीतरी तुला वाचून दाखवायचं. हे पत्र मी मोठ्याने वाचणार नाही. ऐकलंस तर म्हणशील, जा गो, पोराकडं जा, आणि उद्या दुपारपासून यायची बंद होशील.