दोन नावांची कालवड

कसबा बावडा, मंगळवार संध्याकाळ

ती कालवड काही डोळ्यांसमोरून हलत नाही. चंदगडच्या पारूमावशींनी रेंज नसताना आमच्या जनावरांच्या नोंदींच्या ॲपमध्ये तिचं नाव टाकलं, चांदणी. इकडं शहरातून त्यांच्या लेकानं टाकलं, राणी. आज मावशींचा फोन रेंजमध्ये आला आणि दोन्ही नावं एकमेकांवर आदळली. ॲपचा नियम मीच लिहिलेला: शेवटचं राहतं, आधीचं पुसलं जातं.

तरी फोन केला. "मावशी, कुठलं ठेवू?"

"दोन्ही ठेव की गं! कुठल्याबी हाकेला मान वळवती ती."

खिडकीतून कारखान्याचा गोडसर वास येतोय. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मला कुणी विचारलं होतं?

नियम बदलला: दोन्ही नावं राहतील. मग रिकाम्या खोलीत स्वतःलाच माहेरच्या नावानं हळू हाक मारली, "सुमे..."

मान वळली.