नमुना-वर

३ ऑगस्ट १९९८, सकाळी ९.४०
पहाटे पाचला उठायचं ठरलं होतं. राहिलं. उद्यापासून नक्की.
चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीतल्या लग्नाळू मुलांची माहिती कंप्युटरवर टाकायचं काम मला दिलं. अख्ख्या नगरात जावास्क्रिप्ट ही कंप्युटरची भाषा येणारा दुसरा आहे कोण? महिनाअखेर नॅन्सी आणि तिचे वडील ती पानं बघायला येणार. नॅन्सी! सुप्याच्या दवाखान्यात नर्स. मी चौतीस वर्षांचा. आता नाही तर कधीच नाही.

५ ऑगस्ट
प्रत्येकाचं सगळं टाइप करत कोण बसणार? प्रोटोटाइप वापरतोय. एकच नमुना-वर बनवायचा, बाकी सगळे त्याचे वारस. ज्याची जी जागा रिकामी, तिथे नमुन्यातलं आपोआप दिसतं. नमुना म्हणून मलाच घेतलं. पहाटे पाचला उठतो. पेटी वाजवतो. स्वयंपाकात मदत करतो.
(पेटी घ्यायची आहे अजून. पण मनाने वाजवतोच की.)

११ ऑगस्ट
लाईट गेली. सेव्ह केलं नव्हतं. कंटाळा आला बुवा.

१९ ऑगस्ट
जोसेफने नाव, वय आणि 'फिटर' एवढंच दिलं. बाकीचं विचारलं तर म्हणे, मला काय येतंय, ऱ्हाऊ द्या मोकळं. बिचारा! कोण पोरगी देणार ह्याला?

२७ ऑगस्ट
आज माझं स्वतःचं पान. नेमकी आई शेजारी येऊन बसली. म्हणाली, मोझेस, चर्चात दाखवायचं हाय, खोटं लिहू नको. मग लिहावंच लागलं. उठतो: नऊला. पेटी: नाही. स्वयंपाक: खातो. आणि स्वतःच्या पानावर काही लिहिलं की तिथे नमुन्याचं चालत नाही. आईला हे कोण समजावणार?

३० ऑगस्ट, रविवार
उपासनेनंतर पानं दाखवली. माझ्या पानाशी नॅन्सी जेमतेम थांबली. जोसेफच्या पानावर मात्र रेंगाळली. पाचला उठणारा, पेटी वाजवणारा, स्वयंपाकात मदत करणारा, वर पगारी. वडिलांना म्हणाली, ह्याला बघू.
अहो, ते सगळं माझं आहे, असं ओरडावंसं वाटलं. आई समोरच होती.

१८ ऑक्टोबर, रविवार
जोसेफने नॅन्सीला सगळं खरं सांगून टाकलं म्हणे. मला पेटीबिटी येत न्हाई, ते मोझेसदादाचं हाय. मला वाटलं, आता मोडलंच. ती पोट धरून हसली आणि डिसेंबरातली तारीख ठरली.
चर्चबाहेर भेटली. म्हणाली, लग्नात पेटी तुम्हीच वाजवायची हं, दादा.
दादा!
फार वाईट वाटलं. थकलो. पेटी कुठे मिळते ते विचारायला हवं. उद्या पाचला उठून.