खिळ्यावरची रोटी

प्रिय एल्योर,

फोनवर तू दरवेळी विचारतोस, आई कुठंय, आणि मी म्हणते, झोपलीय. आज फोन नको, पत्रच लिहिते. मधे रडू आलं तरी तुला ऐकू जाणार नाही.

तुझ्या या थोरल्या आपाला चाळिशीत फोटोंचं खूळ लागलं, ते तुला ठाऊकच आहे. आपल्या मर्गिलान शहरातल्या फोटो क्लबातले मास्तर अभ्यास देतात. वसंतात त्यांनी सांगितलं, घरातली रोजची एकच वस्तू घ्या आणि दहा दिवस, दहा तऱ्हेच्या उजेडात तिचे फोटो काढा. मी चहाचा पियाला घेतला. ते म्हणाले, सानोबरबाई, ही तर दुकानाची जाहिरात झाली. रोज समोर असून जिच्याकडे बघत नाही, अशी वस्तू शोधा. घरी आले, तर भिंतीवर तुझी रोटी.

सात वर्षांपूर्वी परदेशी कामाला निघताना आपल्या रीतीप्रमाणे तू तिचा एक घास दातांनी तोडलास आणि उरलेली आईने खिळ्याला टांगली. परत येऊन तूच संपवायची, तोवर कुणी हात लावायचा नाही. मीही लावला नाही, लांबूनच फोटो काढले. आई करवादायची, मेलीला दुसरं काही दिसत नाही! नवव्या दिवशी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि दातांच्या खुणा लख्ख उमटल्या. फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. जर्दाळूच्या झाडावरून पडून तुझा पुढचा दात अर्धा तुटला होता ना? इथं खुणा सगळ्या सारख्या, बारीक.

आईला फोटो दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाली, "त्याची तर तिसऱ्याच हिवाळ्यात उंदरांनी खाल्ली गं. रिकामा खिळा बघवेना. तेव्हापासून दर वर्षी तू कामावर गेलीस की नवी भाजते, मीच चावते." वर मला दम भरला, त्याला सांगशील तर याद राख.

दहावा फोटो मी काढलाच नाही. एल्योर, परवा आईला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसाव्याचं जेवण घातलं. तुझे तिथे राहण्याचे कागद अजून झाले नाहीत, धावत आलास तर परत जाता येणार नाही, म्हणून तुला काही कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती, आणि मी मूर्खासारखी पाळली. मला माफ कर. शेजारणी म्हणतात, रोटी चुरून पाखरांना घाल. माझा हात धजत नाही. तिच्यावर आईचे दात आहेत. ये आणि उरलेली तू खा. येणारच नसशील, तर तेवढं तरी खरं लिही, म्हणजे मी खिळा उपटून टाकते.

तुझीच,
सानोबर आपा