अंगावरचे टाके

सोमवार, ३

लागलो बुवा एकदाचा कामाला. पार्काच्या कपडेखात्यात. बाहेर पाळणे, किंकाळ्या, बँडबाजा, आणि आत एक लांबलचक खोली, जिच्यात दांडीला जनावरं उलटी करून टांगलेली. मिरवणुकीत अंगावर चढवायचे पोशाख: ससा, हत्ती, दोन पेंग्विन, अस्वल. उलटी म्हणजे आतली बाजू बाहेर, घाम वाळावा म्हणून. आतून सगळी सारखीच, पिवळट अस्तराची. धुवायचं, वाळवायचं, फाटलेलं शिवायचं, एवढंच काम. शिवण मी एका बोटीवर शिकलो, तिथल्या स्वयंपाक्याकडून. त्याला मिशी अर्धीच होती, कारण... जाऊ दे, ती गोष्ट मोठी आहे. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, या वेळी महिनाभर तरी टिक बाबा, तुझ्या दाजींना काय काय सांगत बसू?

मंगळवार, ४

मुख्य शिंप्याला इथे सगळे मास्तर म्हणतात. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून. नियम एकच सांगितला: अंगावर असताना कपड्याला टाका घालायचा नाही. आधी उतरवायचा, मग शिवायचा. का, असं विचारलं तर म्हणाले, आजीला विचार तुझ्या.

अस्वलाच्या आत एक ताडमाड मुलगी असते. तिला सगळे शिडी म्हणतात. माझं नाव तिनं बघताक्षणी भटक्या ठेवलं. पंजे घातले की तिला साधी टाचणीसुद्धा उचलता येत नाही, आणि डोकं धडाला जोडणारे हुक मानेच्या मागे असतात. म्हणजे तिला आत कोंडायचं मी आणि सोडवायचंही मीच. माझा जीव तुझ्या बोटांत आहे, निदान जेवल्यावर हात धूत जा, म्हणाली. चार लोकांत मला आजवर कुणी इतकं महत्त्व दिलं नव्हतं.

रविवार, ९

तुफान गर्दी. मिरवणूक निघायला आली आणि अस्वलाचा हुक तुटला. मॅनेजरबाई दारातून ओरडतायत, मास्तर जेवायला गेलेले. सगळं उतरवून पुन्हा चढवायचं म्हणजे मिरवणूक हुकलीच. शिडी आतून म्हणाली, घाल रे दोन टाके, मास्तर कुठे बघतायत. घातले. पोरांनी डोकं ओढओढ ओढलं, जागचं हललं नाही. परत आल्यावर कात्रीनं कापले. लालबुंद होऊन बाहेर आली आणि हसत हसत अख्खी बाटलीभर पाणी प्यायली.

मंगळवार, ११

नवे हुक आलेलेच नाहीत, म्हणून रोज टाकेच घालतोय. मास्तरांची पाठ वळली की झालं. पण आज कापताना मी घातले त्याहून जास्त निघाले. माझा दोरा काळा. हे तपकिरी, केसासारखे बारीक, आणि गाठ आतल्या बाजूला. मला वाटलं शिडीच चेष्टा करतेय. पण ती पंज्यांनी काय शिवणार?

पाणी नको म्हणाली. आत आता उकडत नाही म्हणे.

गुरुवार, १३

टाके मानेभोवती पूर्ण फिरलेत. कापायला जेवणाची अर्धी सुट्टी गेली. डोकं निघालं तर तिचे केस अस्तरात अडकलेले, तेही कापावे लागले. मानेवर बारीक भोकं, ओळीनं. डास असतील, म्हणाली. मी म्हटलं, रांग लावून चावणारे डास मी तरी पाहिले नाहीत. एरवी एवढ्यावर ती खिदळली असती. आज आरशासमोरून हललीच नाही.

शुक्रवार, १४

मास्तरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. एवढंच विचारलं, अंगावर टाका घातलास? मग म्हणाले, ज्यानं घातला त्यानंच उसवायचा असतो, माझी कात्री चालायची नाही. आणि आपलं मशीन ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

मॅनेजरबाई म्हणतात, अस्वल इतकं जिवंत कधी वाटलं नव्हतं. काय केलंयस ते करत राहा.

शिडी म्हणाली, मी पुन्हा त्यात पाय घालणार नाही. मी अस्वल कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

शनिवार, १५

आलो तर शिडी अस्वलाच्या आत. बाकावर बसलेली. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं. घरी गेलीच नाही, असं पेंग्विनवाले म्हणतात. कुणी घातलं तिला, कुणालाच ठाऊक नाही.

मी आज एकही टाका घातलेला नाही. कापतोय. एक कापला की पुढे दुसरा पडतो. पडताना दिसत नाही, नुसता असतो.

हाका मारल्या. आतून शब्द नाही, श्वास आहे. मग मिरवणूक आली, आणि ती उठून गेली. पोरं टाळ्या पिटत होती.

रविवार, १६, जेवणाची सुट्टी

फर उसवली. खाली अस्तर. अस्तराखाली — पोकळी हवी ना? नाही. कात्री लावली तशी ती दचकली. पातं ओलं.

थांबलो. म्हटलं, कापायचं असेल तर माझा हात एकदा दाब. दाबला. म्हटलं, थांबायचं असेल तर दाब.

तेव्हाही दाबला.

रविवार, नंतर

बँड सुरू झाला. बाई दार ठोकतायत. मास्तर काचेतून बघून गेले, आत आले नाहीत. मी तिला म्हटलंय, घाबरू नकोस, मी कुठे जात नाही. शेजारी बसलोय, तिचा पंजा धरून. कापू तर तिला लागतं, न कापू तर —

पंजा गरम आहे. माणसाच्या हातासारखा.

डावा हात सोडवून घ्यायला गेलो तर माझी बाही — पंज्याकडे ओढली गेली. टाके. तपकिरी. मनगटाच्या वर आलेत. दुखत नाही, तेच तर —

ती उठतेय. मिरवणूक.

कात्री उजवीकडे आहे. पेन खाली ठेवलं की घेता येईल. पण पेन बोटांतून सुटत ना