खडकावरची कंदवेल

३ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? खरं सांग, नेहमीसारखं ‘छान’ नको.

इकडे सलग तिसरं वर्ष कोरडं. उतारावर दिवसभर फिरले. वेलींशेजारी रोवलेल्या खुणेच्या एकोणीस काड्या सापडल्या, कंदवेल एकही नाही. ही वेल दुसरीकडे कुठेच उगवत नाही गं! ती संपल्याचा अहवाल आमच्या खात्यात पाठवलाय. महिनाअखेर तो मंजूर झाला की उतार खडी काढायला मोकळा. आता उरल्या मी बियांपासून लावून दिलेल्या, तुझ्या खिडकीतल्या बारा कुंड्या. रोज कपभर पाणी घालतेस ना? सगळी भिस्त तुझ्यावर.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी मुंगळी

१४ एप्रिल

चि. मुंगळीस, अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतोय, म्हणजे ठीक आहे.

आता माझा कान धर. दोन महिने मी तुला थापा मारल्या. फेब्रुवारीतच पाच वेलींची पानं गळाली. सांगायला तोंड नव्हतं. मेल्या समजून शिलाई मशीनखाली ढकलल्या, थेंबभर पाणी दिलं नाही. उरलेल्या सातांना तुझ्या सांगण्याप्रमाणे लाडाने पाजलं, तर त्या बुडापासून कुजल्या. ढसाढसा रडले.

काल कुंड्या रिकाम्या करायला बसले. सातांच्या कंदांचा लगदा झालेला. पण कोरड्या मातीत बोट घातलं तर आत कंद टणक! पाचही! तसेच झाकून ठेवलेत. पाणी घालू की नको? रागव हवं तर, पण लगेच लिही.

माया पातळ करू नकोस.
तुझी थापाडी आत्या

२३ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

पाणी अजिबात नको! त्या सात माझ्या हुकमाने गेल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच उतारावर पळाले. मुळांना धक्का लावायचा नाही हा आमचा नियम. म्हणून सहा वर्षांत एकदाही मातीत बोट घातलं नव्हतं. कंद वाळले असणार असं नुसतं धरून चाललो. एकेका काडीपाशी हळूच चाचपलं. एकोणीसपैकी चौदा टणक! पानं टाकून, वरचा सगळा पसारा आवरून वेली खाली निजल्यात, आणि मी त्यांना मेल्या म्हणून नोंदवून मोकळी!

अहवाल मागे घेतला. खडीचं काम टळलं. आत्या, तुझे उपकार कसे फेडू?

नव्या अहवालात ‘कंद जिवंत असल्याचे प्रथम कोणास आढळले’ असा रकाना आहे. तिथे तुझं नाव घातलं. साहेबांनी हुद्दा विचारला. शिवणकाम, म्हणून सांगितलं. त्यांनी तसंच लिहून सही केली.

अशीच पाठीशी राहा.
तुझी मुंगळी