खळ्यावरचं विमान

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
माले, ता. १ नोव्हेंबर २०२५

चि. अनुष्कास आजीचे लई लई आशीर्वाद. फोनवर मला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितीया. चौथीपत्तुरच शिकले, अक्षराला हसू नको.

अगं, तुझा बाप विमान करतोय! खोटं न्हाई. खरंखुरं, माणूस बसायचं. मलाबी आजच कळलं. महिनाभर पिरंगुटच्या कंपनीतनं आला की खळ्यावर खडू घेऊन ओणवा. मला वाटलं गोठा आखतोय. दसऱ्याला गाय घ्यायची म्हणाला होता. ती अजून आली न्हाई, ते ऱ्हाऊ दे.

भात कापून झालं. झोडायच्या आधी खळं सारवावं लागतं, तुला ठावं हाय. सकाळी शेण कालवलं आन् चकचकीत सारवलं. शेखर चहाचा कप घेऊन आला तो हुबाच ऱ्हायला. म्हणाला, आई, माझं विमान. मी म्हणलं, कुटं? तर म्हणाला, तुझ्या पायाखाली. माझं तोंड उघडंच!

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मापाची टेप गुंडाळून फडताळात टाकली, म्हणाला, बास झालं आता. पन्नाशीचं पोर, तोंड एवढंसं झालंय. काय करू, लवकर कळव.

तुझी आजी,
लीलाबाई

नागपूर, ता. ७ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस अनुष्काचा सा. न. वि. वि.

पत्र होस्टेलच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. पप्पांनी मला तर गोठाच सांगितला होता! आणि तू विमान सारवलंस? अख्ख्या मुळशीत असं कुणी केलं नसेल.

पप्पांना फोन केला. आकडे वहीत आहेत, पण खऱ्या मापाचं चित्र खळ्यावरच होतं म्हणाले. एकट्यानंच दोरी धरायची, एकट्यानंच खडू ओढायचा, ते सगळं पुन्हा करायचं जिवावर आलंय त्यांच्या. आजी, दोरीचं दुसरं टोक तू धर ना. गुडघे सांभाळून.

इथल्या मेसच्या भाताला वासच नाही. माझे पायलीभर तांदूळ बाजूला ठेव, आणि तुझी मायाही.

तुझी,
अनुष्का

माले, ता. १६ नोव्हेंबर २०२५

चि. अनुष्कास आजीचे आशीर्वाद. तुझं ऐकलं. भात झोडून खळं मोकळं झालं, तशी मीच टेप त्याच्या हातात दिली आन् दोरी धरली.

मधी एक चौकोन आला. म्हणलं, हितं कोण? म्हणाला, मी. वहीत बघून म्हणाला, बासष्ट किलो. म्हणलं, मुडद्या, बासष्ट तू लग्नात होतास! पोती मोजायच्या काट्यावर हुबा केला. चौऱ्याऐंशी! पांढराफटक पडला. म्हणाला, आई, तसंच केलं असतं तर तोंडावर आपटलो असतो. मग हसाय लागला तो थांबंचना.

आता सगळा तोल नव्यानं काढतोय. सरकारची परवानगीबी लागती म्हणं, वर्सं जातील. जाऊ देत.

काल बघते तर त्या चौकोनामागं दुसरा चौकोन. म्हणलं, आन् ही गाय बांधायची जागा व्हय? मला धरून काट्यावर हुबी केली. एकेचाळीस. पानाचा बटवा खाली ठेव म्हणाला.

मी म्हणलं, न्हाई. बटव्यासकट लिही.

लोभ कमी करू नको, वजनाचं आमी बघतो.

तुझी आजी,
लीलाबाई