ओलीची वाट

४ फेब्रुवारी १९७३
नवरा गेल्यावर आई म्हणाली होती, "तुला आता घर नाही, नेमणूक आहे." आज त्या वाक्याचं हसू आलं. नर्सच्या नेमणुकीबरोबर घरही मिळालं! दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पायऱ्यांची विहीर. पारनेरहून एस.टी.नं आलो, मी आणि पाच महिन्यांची पुष्पी. दवाखाना झाडणाऱ्या राहीबाईंनी तिला लगेच कडेवर घेतलं. म्हणाल्या, "दुष्काळ हिला दिसला न्हाई वाटतं, लई गुबगुबीत हाय!"

९ फेब्रुवारी
विहिरीतल्या आसरांना, पाण्यातल्या देवतांना, बायका पूर्वेच्या कोपऱ्यात रोज दहीभात सोडतात. घरात ताक नसलं तरी. शेवाळ नेमकं तेवढ्याच कोपऱ्यात, बाकी पाणी नितळ. गावात हगवण आहे, म्हणून मी दहीभात बंद करवला. राहीबाई कुरकुरल्या, "मंग ते खायला दुसरीकडं हुडकंल." मी हसून सांगितलं, शेवाळाला तोंड नसतं.

१५ फेब्रुवारी
पूर्वेचा कोपरा मोकळा झाला. शेवाळ मेलं नाही, सरकलं. पायऱ्या चढून वर आलंय, थेट माझ्या धुण्याच्या दगडापर्यंत. लंगोटांच्या पाण्यात खत असतं, तिथं ते वाढणारच. पण कोरड्या पायऱ्यांवरून?

१८ फेब्रुवारी
दगड दुसऱ्या अंगाला हलवला. सकाळी हिरवी रेघ तिकडे वळलेली. ब्लीचिंग पावडर टाकली, तिला वळसा घालून गेली. विहिरीचं पाणी उतरतंय आणि हे चढतंय.

२१ फेब्रुवारी
उंबऱ्याच्या आत आलं. खरवडलं. दुपारी पुष्पीला पाजताना पदर ओला झाला, आणि त्या ओलीवर बारीक हिरवे धागे —

मीच जाऊन दहीभात सोडला. ते मागे वळलं नाही.

२२ फेब्रुवारी
पुष्पीच्या ओठाच्या कडेला. दुधाच्या ओघळावर. पुसलं. पुन्हा आलं. आता पाजत नाही. ती रडते, आणि ती रडली की माझं दूध आपोआप — जमिनीवर — आणि ते —

तिला माझ्यापासून लांब न्यायला हवं. ओल माझी आहे.

२३ फेब्रुवारी
राहीबाई अंगणाबाहेरच थांबल्यात. तिथूनच म्हणाल्या, "बाई, घरी सून बाळंतीण हाय वो." कळतं मला. ते पुष्पीमागून त्यांच्या घरात शिरलं तर? त्यांच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं.

तरी विचारते. पोर कोरडी पुसलीय. कोरड्या घोंगडीत उंबऱ्यावर ठेवलीय. माझे पाय आता या हिरव्यातून निघत नाहीत —

राहीबाई, घरी नका नेऊ. एस.टी.त ठेवा नुसती. मला शिवू नका, फक्त घोंगडी उच